भिंतबैठक: बीपीसाठी चौदा मिनिटांचा स्थिर व्यायाम घरच्या घरी नीट कसा करायचा

दिवसभर वावरात राबणाऱ्याला बीपीसाठी व्यायाम सुचवला की पहिला प्रश्न हाच येतो: एवढं अंगमेहनतीचं काम असताना आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. पण डवरणी, निंदण, वेचणी या कामांत अंग सतत हलत असतं. पोतं उचलताना जोर लागतो तो काही सेकंदांपुरता, आणि तोही बहुतेक वेळा श्वास रोखून. शिवाय हंगाम सरला की काम थांबतं. बीपी उतरवायला जो ताण उपयोगी पडतो तो वेगळा आहे. स्नायू एका जागी धरायचा, हलवायचा नाही, बेताच्या जोरानं २ मिनिटं धरून ठेवायचा, श्वास चालू ठेवायचा आणि मग सोडून द्यायचा. याला आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. इथं त्याला स्थिर व्यायाम म्हणू.

२०२३ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये २७० चाचण्यांचा एकत्रित आढावा छापून आला. त्यात १५,८२७ लोकांची माहिती होती. स्थिर व्यायाम करणाऱ्यांचं आरामातलं बीपी सरासरी वरचं ८.२४ आणि खालचं ४ पॉइंटनं उतरलेलं दिसलं. चालणं, धावणं, सायकल अशा व्यायामांत हीच घट साधारण ४.५ आणि २.५ होती. स्थिर व्यायामांतही वरचा आकडा उतरवण्यात भिंतीला पाठ लावून करायची बैठक सगळ्यांत पुढे होती. म्हणून या लेखात भर तिच्यावर आहे. चालणं मात्र सोडू नका. हृदयाला आणि साखरेला त्याचा जो फायदा आहे तो भिंतबैठकीतून मिळत नाही.

हे घडतं कसं, ते समजलं की चुका आपोआप कमी होतात. मांडीचा स्नायू आवळून धरला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. २ मिनिटांनी सोडलं की अडलेलं रक्त जोरात आत धावतं, जसं पाटात माती टाकून अडवलेलं पाणी बांध फोडताच सऱ्यांमध्ये पसरतं. त्या वाहत्या रक्ताच्या घासण्यानं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि वाहिनी सैल होते. आठवड्यातून तीनदा हे होत राहिलं की काही आठवड्यांत वाहिन्या आरामातही सैल राहू लागतात, आणि त्यांना आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोरही कमी होतो. पण धरून ठेवलेल्या त्या २ मिनिटांत बीपी खाली जात नाही, उलट वर चढतं. जोर किती लावायचा आणि कुणी हा व्यायाम करू नये, या दोन्ही गोष्टी त्यावरूनच ठरतात.

आधी हे तपासा

बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर हा व्यायाम करायचाच नाही, आधी दवाखाना गाठायचा. १६०/१०० च्या वर असेल तर डॉक्टरांकडून गोळी जमवून घ्या, आकडा खाली आला की त्यांना विचारून सुरू करा. हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, हृदयाची झडप अरुंद असेल, महाधमनीला फुगवटा असेल, तर स्वतःच्या मनानं करू नका. काचबिंदू, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावर आलेला दोष, हर्निया आणि गरोदरपण यांतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे. ज्यांचा 'एसएस' पॅटर्न आहे, म्हणजे हा दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला आहे, त्यांना स्नायूवरचा जोर आणि अंगातलं पाणी कमी होणं या दोन्हींमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी भिंतबैठक डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरू करू नये.

बीपी नीट मोजलं नाही तर सगळं वाया

८ पॉइंटचा फरक पकडायचा असेल तर मोजणीत १० पॉइंटची चूक चालत नाही. आणि चुकीच्या पद्धतीनं मोजलं की तेवढी चूक सहज होते. खाली मांडी घालून, हात मांडीवर ठेवून मोजलं तर हात छातीच्या पातळीच्या खाली जातो आणि आकडा फुगतो. खाटेवर पाठ टेकायला जागा नसते, तिथंही तेच. पाठीची प्लास्टिकची खुर्ची घ्या, पाय जमिनीला सपाट, पायावर पाय नाही. शेजारी स्टूलवर उशी किंवा घडी केलेली चादर ठेवून दंड छातीच्या उंचीवर आणा. पट्टा उघड्या दंडावर हवा. बाही वर सारून घट्ट झाली असेल तर हात बाहेर काढा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तरी आकडा खोटाच जास्त येतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू आणि खर्रा बंद. खर्रा गालात धरून मोजलेल्या बीपीला काही अर्थ नाही, कारण तंबाखूतलं निकोटिन त्या वेळेपुरता आकडा चढवतं. लघवी करून या, ५ मिनिटं गप्प बसा आणि मोजताना बोलू नका.

सुरू करण्याआधी सलग ७ दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी १ मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सगळे आकडे वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी वाढलेलं समजतात. दवाखान्यात हीच सीमा १४०/९० ची असते. घरी मशीन नसेल तर गावच्या उपकेंद्रात तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेळेला जाऊन मोजून घ्या. समुदाय आरोग्य अधिकारी किंवा नर्सताई मोजून देतात. व्यायाम झाल्या झाल्या घेतलेला आकडा वहीत धरू नका, तो कधी चढलेला तर कधी उतरलेला असतो.

भिंत, जमीन आणि खुणा

भिंत पक्की हवी. विटांची, सिमेंटची किंवा जाड मातीची चालेल. कुडाच्या भिंतीवर भार टाकू नका, ती पाठीमागे कलते. भिंत खरबरीत असेल तर कपडा अडकतो आणि पाठ सोलते. अशा वेळी खताचं रिकामं प्लास्टिकचं पोतं धुऊन, वाळवून पाठीमागे धरलं की अंग सहज घसरतं. पायाखाली मात्र पोतं, चादर, सतरंजी काहीही नको. तिथं घसरण नकोच. फरशीवर मोजे काढून अनवाणी उभं राहा. नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर करू नका. साडी असेल तर निऱ्या गुडघ्यापर्यंत खोचून घ्या, पायाखाली काठ आला तर तोल जातो. केसांचा अंबाडा डोक्याच्या मधोमध असेल तर खाली घ्या.

या व्यायामात बैठक किती खोल आहे, तेच तुमचं वजन. चाचण्यांत हा कोन यंत्रानं मोजतात. घरी वितीनं काम भागतं. टाचा आणि पाठ भिंतीला लावून ताठ उभं राहा. कुणाला तरी डोक्यावर पट्टी आडवी धरून भिंतीवर कोळशानं किंवा खडूनं रेघ ओढायला सांगा. या रेघेपासून खाली आपल्याच वितीनं तीन खुणा करा:

- अर्धी वीत खाली: पहिली खूण. गुडघ्याचा कोन साधारण १३५ अंश.
- एक वीत खाली: दुसरी खूण. साधारण ११५ ते १२० अंश.
- दीड वीत खाली: तिसरी खूण. १०० अंशांच्या आसपास, म्हणजे काटकोनाच्या जवळ.

पाठ सरळ असली की कंबर जितकी खाली जाते तितकंच डोकंही जातं, म्हणून ही मोजणी जमते. वीत स्वतःचीच वापरा. उंच माणसाची मांडी लांब असते तशी वीतही मोठी असते.

एक दिवसाचा व्यायाम

आधी ५ मिनिटं अंगणात चाला. मग भिंतीला पाठ लावून टाचा भिंतीपासून दीड वीत पुढे घ्या. तिसऱ्या खुणेपर्यंत जाल तेव्हा हे अंतर दोन वितींपर्यंत जाईल. पावलांत खांद्याएवढं अंतर, बोटं सरळ पुढे. हळूहळू घसरत डोकं पहिल्या खुणेवर येईपर्यंत खाली या. आता खाली बघा. पायाचे अंगठे दिसले पाहिजेत. गुडघ्यांआड लपले असतील तर पावलं आणखी पुढे घ्या. पाठ आणि कंबरेचा मागचा भाग भिंतीला, टाचा जमिनीला, हात बाजूला सैल सोडलेले.

इथं २ मिनिटं थांबा. मग वर या, २ मिनिटं विसावा. अशा ४ फेऱ्या. धरलेली ८ मिनिटं आणि मधल्या विसाव्याची ६, मिळून १४ मिनिटं. आठवड्यातून ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून. बाजाराचा दिवस टाळून सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार बांधून घेतले तर खाडे कमी होतात.

पहिल्याच दिवशी २ मिनिटं झेपली नाहीत तर ३० सेकंदांनी सुरू करा. दर आठवड्याला १५ ते ३० सेकंद वाढवत २ मिनिटांवर या, तोवर पहिल्या खुणेखाली जाऊ नका. वय साठीच्या पुढे असेल तर पहिल्या काही वेळा घरातलं कुणीतरी जवळ हवं, आणि अंगाखाली एक स्टूल असं ठेवा की पाय सुटले तरी त्यावरच टेकाल.

ताण बरोबर आहे की नाही हे दहापैकी मार्क देऊन ठरवा. काहीच त्रास नाही म्हणजे ०, आता एक क्षणही धरवत नाही म्हणजे १०. पहिली फेरी संपताना ४ च्या आसपास, दुसरी ५, तिसरी ६ आणि चौथी ७ ते ८. खूण तीच राहते, फक्त मांडी थकत जाते म्हणून मार्क चढतात. चौथी फेरी सलग दोन दिवस ६ च्या आत संपली तर पुढच्या वेळी दोन बोटं खाली उतरा. चौथीला ९ वाटलं किंवा मांड्या लटलटा कापायला लागल्या तर दोन बोटं वर या. तिसऱ्या खुणेपर्यंत पोचणं हे काही ध्येय नाही. कित्येकांना दुसरी खूणच पुरते. नाडी मोजून ताण ठरवू नका. मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल चालू असेल तर ती गोळीच नाडी दाबून ठेवते.

कुठे बिघडतं

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे श्वास रोखणं. जोर लागला की दात आवळून दम धरायची सवय शेतकामातच लागलेली असते. दम धरला की छातीत दाब वाढतो आणि आधीच चढलेलं बीपी एकदम उसळतं. सोडल्यावर ते तितक्याच झपाट्यानं पडतं आणि घेरी येते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे मोठ्यानं बोलत राहणं. आकडे मोजा, पाढे म्हणा, समोरच्याशी गप्पा मारा. बोलणाऱ्याला दम रोखता येत नाही. वाक्य तुटायला लागलं तर खूण वर घ्या. वेळ मात्र मोबाइलच्या टायमरवरच पाहा. थकलेला माणूस आकडे भरभर मोजतो आणि २ मिनिटांची सव्वा होतात.

दुसरी चूक तळहात मांडीवर टेकणं. त्यानं शरीराचा भार हातांवर जातो, मांडी हलकी होते आणि मार्क खोटे पडतात. हात फक्त वर येताना वापरा. फेरी संपली की तळहात मांडीवर ठेवून दाब द्या, भिंतीला पाठ घासत वर या आणि लगेच चालायला लागू नका. पाच-सहा श्वास तिथंच भिंतीला टेकून उभं राहा. स्नायू सोडल्या सोडल्या बीपी खाली येतं. लघवीची गोळी घेणाऱ्यांना आणि उन्हाळ्यात घामानं पाणी गेलेल्यांना नेमकं याच वेळी डोळ्यांपुढे अंधार येतो.

गुडघ्याच्या वाटीखाली टोचल्यासारखं दुखलं तर बहुतेक वेळा पावलं भिंतीच्या फार जवळ असतात किंवा टाच उचललेली असते. तेवढं दुरुस्त करूनही दुखत असेल तर भिंतबैठक थांबवा आणि खाली दिलेला मुठीचा व्यायाम घ्या. मांडीत जळजळ होणं साहजिक आहे, गुडघ्यात दुखणं नाही.

छातीत दाटून येणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, डोकं एकदम ठणकणं, नजर धूसर होणं, यांपैकी काहीही झालं तर तिथंच बसा. पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही, किंवा तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हात-पाय लुळा पडला, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा.

गुडघे चालत नसतील तर मूठ

२०१७ च्या अमेरिकी बीपी मार्गदर्शक सूचनांत मुठीचा स्थिर व्यायाम आहे: पूर्ण ताकदीच्या ३० ते ४० टक्के जोरानं २ मिनिटं मूठ, मग १ मिनिट विसावा, अशा ४ फेऱ्या, आठवड्यातून ३ दिवस, ८ ते १० आठवडे. वरच्या आकड्यात साधारण ५ पॉइंटची घट धरली आहे.

यासाठी किलोचे आकडे असलेलं, कमी-जास्त करता येणारं स्प्रिंगचं हँडग्रिप खेळाच्या दुकानात मिळतं. आधी पाहा की किती किलोवर लावल्यावर ते एकदाच जेमतेम पूर्ण बंद करता येतं. तो आकडा ३० असेल तर ९ ते १० किलोवर लावा, ४० असेल तर १२ वर. पूर्ण बंद करून २ मिनिटं धरा, पुढची फेरी दुसऱ्या हातानं. हँडग्रिप नसेल तर दुपट्ट्याची घट्ट गुंडाळी करून आवळता येते, पण तिथं जोर अंदाजानंच लावावा लागतो आणि तो बहुतेकदा जास्त होतो. सुरुवातीला दहापैकी ३ इतकाच धरा. खांदा, मान आणि जबडा सैल. इथंही तोंडानं आकडे चालूच.

हंगाम, ऊन आणि गोळी

धानाच्या रोवणीत किंवा सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकून आलेल्या पायांवर संध्याकाळी भिंतबैठक लादू नका. पाय आधीच थकलेले असतात, मार्क पहिल्या फेरीतच ७ वर जातात. त्या दिवसांत सकाळी वावरात जाण्याआधी करा, नाहीतर मुठीवर या. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सकाळी सातच्या आत उरका आणि आधी ग्लासभर पाणी प्या. जेवण झाल्यावर दोन तास जाऊ द्या.

गोळी स्वतःहून बंद करू नका, अर्धीही करू नका. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, आणि हा व्यायाम त्यांच्या जोडीनं करायचा आहे. मीठही तेवढंच महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलंय, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. त्यात लोणचं, पापड, ठेचा, फरसाण सगळं आलं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट असतं. तिथं पिण्यासाठी गोड्या पाण्याची सोय करता आली तर करावीच, कारण त्या पाण्यातूनही मीठ पोटात जातं.

८ आठवडे झाले की पुन्हा त्याच पद्धतीनं ७ दिवस मोजा, सरासरी काढा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा चांगला उतरला असेल किंवा उठताना चक्कर येत असेल, तर गोळी कमी करायची की नाही हे ते ठरवतील. काहीच फरक नसेल तर आधी वहीत खाडे पाहा, मग चौथ्या फेरीचे मार्क. चौथी फेरी ५ वरच संपत असेल तर ताण कमी पडतोय. ताण बरोबर, खाडे नाहीत, तरी आकडा हलत नाही, असेही काही जण असतात. त्यांनी गोळी, मीठ आणि खर्रा सोडणं यांवर भर द्यावा.

व्यायाम थांबवला की कमावलेली घट काही आठवड्यांत निघून जाते, त्यामुळे ८ आठवड्यांनंतरही तीन वार चालू ठेवावे लागतात. ताप, लग्नसराई किंवा वेचणीमुळे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या खुणेवर थेट जाऊ नका. चार बोटं वरून सुरू करा आणि मार्क पाहून पुन्हा खाली उतरा.